दोष नको, वाटा ठरवा

लग्न जुळायला दोघांचा होकार पुरतो. ते मोडताना एकजण अडून बसला, तर मात्र दुसऱ्याला त्याच्यावर दोष शाबीत करावा लागतो. आपला हिंदू विवाह कायदा १९५५ सालचा आहे. त्याच्या तेराव्या कलमात घटस्फोटाची कारणं मोजून दिली आहेत : जोडीदाराचे बाहेर शरीरसंबंध, क्रूरता, किमान दोन वर्षं टाकून देणं, धर्म बदलणं, बरा न होणारा मनोविकार, संसर्गाने पसरणारा गुप्तरोग, संन्यास आणि सात वर्षं ठावठिकाणा न लागणं. पत्नीसाठी आणखी काही कारणं आहेत. कुष्ठरोग हे कारण २०१९ साली काढून टाकलं गेलं. नोंदणी पद्धतीने लग्न केलेल्यांना १९५४ चा विशेष विवाह कायदा लागतो, त्यातली यादीही साधारण अशीच आहे. 'आम्ही कित्येक वर्षं वेगळे राहतो, या लग्नात आता काही उरलेलं नाही' हे साधं, खरं कारण या दोन्ही याद्यांत नाही.

हे कारण कायद्यात यायला हवं, असं मी या लेखातून तुम्हाला सांगणार आहे. पण ते एकटं येऊ नये. त्याच कायद्यात, त्याच निकालात घरादाराची आणि मुलांच्या खर्चाची वाटणीही यायला हवी. या दोन गोष्टींची जोडी फोडली, तर सुधारणेच्या नावाखाली अनेक बायका रस्त्यावर येतील. आणि दोन्ही टाळल्या, तर आज जे चाललंय तेच पुढे चालू राहील.

आज काय चाललंय

पक्षकार वकिलाकडे जातो. वकील विचारतो, 'त्रास काय होता?' पक्षकार म्हणतो, 'तसा त्रास नाही हो. पटलं नाही. चार वर्षं झाली वेगळे राहतोय.' वकील मान हलवतो, 'एवढ्यावर भागत नाही.' मग आठवणी उकरणं सुरू होतं. ती सासूला उलट बोलली. त्याने पगार आईच्या हातात दिला. तिने पाहुण्यांसमोर पाणउतारा केला. तो दिवाळसणाला आला नाही. कोणत्याही दहा वर्षांच्या संसारात सापडेल असा कचरा गोळा होतो आणि अर्जात 'क्रूरता' म्हणून मांडला जातो. नोटीस गेली की समोरून तितकंच कडू म्हणणं दाखल होतं. त्यानंतर उलटतपास. जी माणसं पहिल्या तारखेला एकमेकांशी निदान बोलत होती, ती विसाव्या तारखेला एकमेकांचं तोंडही बघायला तयार नसतात. या दोघांना उद्या मुलाच्या शाळेची फी, दहावीचं वर्ष, आजारपण हे सगळं मिळून निभवायचं असतं. त्यासाठी लागणारा बोलण्याइतका ओलावाही खटल्यात आटून जातो.

यात खऱ्या छळाचंही नुकसान होतं. जिला खरोखर मारहाण झाली, तिचा अर्ज आणि ज्यांचं नुसतंच पटलं नाही त्यांचा अर्ज, दोन्हींची भाषा एकच होऊन बसते. सगळेच अर्ज क्रूरतेचे असले, की ऐकणाऱ्याला खरा छळही नेहमीचाच वाटू लागतो.

दोष शाबीत करण्याच्या या पद्धतीत काय होऊ शकतं, याचं एक जुनं उदाहरण आपल्या जवळचंच आहे. पुण्यात १९५६ साली लग्न झालेल्या, दोघंही उच्चशिक्षित असलेल्या एका दांपत्याचा दावा १९६२ साली दाखल झाला. तो सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला १९७५ साली. न्यायालयाने मान्य केलं, की पत्नीचं वागणं क्रूरतेत मोडतं. पण त्यानंतरही दोघं पती-पत्नी म्हणून राहिले, म्हणजे पतीने ते वागणं माफ केलं, म्हणून त्याला कोणतीही दाद मिळाली नाही. मानसिक क्रूरता कशी मोजावी, यासाठी वकील मंडळी आजही या निकालाचा दाखला देतात. कायद्याच्या दृष्टीने तो महत्त्वाचा आहे. त्या दोघांच्या दृष्टीने पाहा : तेरा वर्षं कोर्टात गेली, आणि अखेरीस दोघं कागदावर नवरा-बायकोच राहिले.

तुम्ही म्हणाल, संमतीने घटस्फोट आहे की! आहे. १९७६ च्या दुरुस्तीने तो आला आणि ते मोठंच पाऊल होतं. एक वर्ष वेगळे राहिलेल्या दोघांनी मिळून अर्ज करायचा, सहा महिने थांबायचं, पुन्हा दोघांनी येऊन 'आमचं ठरलंय' म्हणायचं. पण त्यात दोघांची संमती शेवटपर्यंत लागते. निकाल होईपर्यंत कुणीही मागे फिरू शकतो. त्यामुळे ज्याला सुटकेची घाई नाही, त्याच्या हातात हुकमाचं पान येतं. 'दागिने विसर, मग सही करतो' असं तो म्हणतो. 'अमुक रक्कम दे, मग सही करते' असं ती म्हणते. काहींना तर पैसेही नको असतात, समोरच्याला अडकवून ठेवण्यातच समाधान असतं. अशा अडवणुकीवर कौटुंबिक न्यायालयाकडे आज सरळ उपाय नाही.

मागच्या दाराने

सरळ दार बंद असलं की लोक मागचं दार शोधतात. त्यातलं एक म्हणजे नांदायला येण्याचा दावा, कायद्याचं नववं कलम. 'माझी बायको नांदायला येत नाही, तिला पाठवा' असा हुकूमनामा मिळवायचा आणि त्यानंतर वर्षभर दोघं एकत्र आले नाहीत, की त्याच आधारावर घटस्फोट मागायचा. १९६४ च्या दुरुस्तीपासून हा मार्ग दोन्ही पक्षांना खुला आहे. म्हणजे संसार मोडण्यासाठी आधी 'मला संसार करायचाय' असं शपथेवर सांगायचं. खोटं बोलायला शिकवणारा कायदा कुणाच्या भल्याचा?

या दाव्याचा इतिहास महाराष्ट्राला ठाऊक आहे. लहानपणी लग्न लागलेल्या रखमाबाईंनी नवऱ्याकडे जायला नकार दिला, तेव्हा १८८४ साली त्यांच्यावर मुंबईत हाच दावा लागला. पहिला निकाल त्यांच्या बाजूने लागला. अपिलानंतर १८८७ साली हुकूम झाला, की नांदायला जा, नाहीतर तुरुंगात जा. त्या तुरुंगात जायला तयार झाल्या. शेवटी पैसे देऊन तडजोड झाली. पुढे त्या इंग्लंडमध्ये शिकून डॉक्टर झाल्या आणि त्यांनी सुरत-राजकोटला रुग्णसेवा केली. नांदायला जाण्याचा दावा इंग्रजांनी आपल्याकडे आणला. स्वतःच्या देशात त्यांनी तो १९७० साली रद्द केला. आपल्याकडे तुरुंगाची शिक्षा गेली, मालमत्तेवर जप्ती आणता येते, आणि दावा आहे तिथेच आहे.

दुसरं दार दिल्लीत उघडतं. राज्यघटनेच्या १४२ व्या कलमाखाली सर्वोच्च न्यायालयाला 'संपूर्ण न्याय' करण्याचा खास अधिकार आहे. १ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने स्पष्ट केलं, की लग्न पुन्हा सांधता येणार नाही इतकं मोडलेलं असेल, तर एका बाजूचा विरोध असला तरी हा अधिकार वापरून घटस्फोट देता येईल. किती वर्षं वेगळे राहिले हे बघताना सहा वर्षांहून अधिक काळ हा महत्त्वाचा मुद्दा धरावा, असंही त्यात आहे. पण हा कुणाचा हक्क नाही, न्यायालयाची मर्जी आहे, हेही तिथेच सांगितलंय. शिवाय हा अधिकार फक्त सर्वोच्च न्यायालयाला आहे. नांदेडच्या कौटुंबिक न्यायालयाला तो नाही, औरंगाबाद खंडपीठालाही नाही. म्हणजे ज्याला दिल्लीपर्यंत खटला लढवणं परवडतं, त्याचं मेलेलं लग्न मेलेलं ठरतं. बाकीच्यांचं जिवंत धरलं जातं. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने आणखी एका निकालात म्हटलं, की वर्षानुवर्षं वेगळं राहून, एकमेकांवर खटले भरून चाललेलं लग्न टिकवणं हीच दोघांवरची क्रूरता आहे. कायद्यात नसलेलं कारण 'क्रूरते'च्या पिशवीत कोंबायची वेळ न्यायालयावर यावी, यातच कायदा किती अपुरा आहे ते दिसतं.

मागणी नवी नाही

विधी आयोगाने आपल्या ७१ व्या अहवालात १९७८ साली ही सुधारणा सुचवली. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने केंद्र सरकारला ती गंभीरपणे विचारात घ्यायला सांगितलं. २००९ साली विधी आयोगाने २१७ व्या अहवालात पुन्हा तेच सांगितलं. २०१० साली विधेयक आलं. तीन वर्षं वेगळे राहिलेल्या जोडप्याला 'लग्न पार मोडलंय' या कारणावरून घटस्फोट मागता येईल, घटस्फोटाने पत्नीची भयंकर आर्थिक कोंडी होणार असेल तर तिला विरोध करता येईल, मुलांची तजवीज झाल्याशिवाय निकाल नाही, आणि पतीच्या मालमत्तेतून पत्नीला भरपाई, अशा तरतुदी त्यात होत्या. २०१३ साली राज्यसभेने ते मंजूर केलं. लोकसभेत ते अडकलं आणि २०१४ साली लोकसभेबरोबरच बुडालं. मालमत्तेच्या तरतुदीला पुरुषांच्या संघटनांनी कडाडून विरोध केला होता. त्यानंतर तसा कायदा झालेला नाही.

'हे सगळं पाश्चात्त्य खूळ' असं म्हणणाऱ्यांनी जरा मागे वळून बघावं. महाराष्ट्रातल्या कितीतरी जातींत काडीमोड आणि पाट पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. पंचांसमोर मोकळं व्हायचं आणि दुसरा संसार मांडायचा, यात कुणाला पाप वाटलं नाही. लग्न सुटत नाही ही प्रामुख्याने वरच्या जातींची रीत होती, पुढे ती सगळ्यांची 'संस्कृती' म्हणून सांगितली गेली. सयाजीराव महाराजांच्या बडोदा संस्थानात १९३१ साली हिंदूंना घटस्फोटाचा कायदा मिळाला. मुंबई प्रांताने १९४७ साली केला. हिंदू कोड बिल रखडवलं गेलं म्हणून बाबासाहेब आंबेडकरांनी १९५१ साली मंत्रिपद सोडलं, आणि त्या बिलात घटस्फोटाचा हक्क होता. आपल्याच माणसांनी हे काम निम्म्याहून पुढे आणून ठेवलं आहे.

'बायकांचं काय होईल?'

ही शंका मात्र मी हलकी मानत नाही. नवरा वेगळा राहायला लागला, तीन वर्षं मोजली आणि कागद हातात घेऊन मोकळा झाला, तर चाळिशीतल्या, कधी नोकरी न केलेल्या बाईने कुठे जायचं? हा प्रश्न सुधारणेला विरोध करणारेच विचारतात असं नाही, बायकांसोबत वर्षानुवर्षं काम केलेल्या कार्यकर्त्याही विचारतात.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. आजचा अवघड कायदाही बाईला टाकून देणं थांबवत नाही. २०११ च्या जनगणनेत घटस्फोटित म्हणून नोंद झालेल्यांपेक्षा 'विभक्त' म्हणून नोंद झालेले लोक दुपटीहून जास्त होते. ही माणसं ना नांदती, ना मोकळी. संगमनेरसारख्या ठिकाणांहून १९८० च्या दशकाच्या अखेरीस परित्यक्तांचे प्रश्न घेऊन बायका रस्त्यावर उतरल्या, त्या याच होत्या. नवऱ्याने दुसरीसोबत घर मांडलेलं, हिच्या नावावर रेशनकार्ड नाही, घर नाही, जमीन नाही, आणि गावात 'टाकलेली' ही ओळख. लग्नाचा दाखला यांच्या कपाटात आहे, त्याने चूल पेटत नाही.

म्हणजे बाईची खरी गरज पैशाची आणि छपराची आहे, आणि आपला कायदा नेमका तिथेच कोता आहे. पोटगी मिळते, कायमची रक्कमही मिळू शकते, पण लग्नाच्या काळात दोघांनी मिळून उभं केलेल्या मालमत्तेत दोघांचा समान वाटा, ही कल्पनाच हिंदू विवाह कायद्यात नाही. वीस वर्षं तिने शेतात राबून, भाकऱ्या थापून, म्हाताऱ्यांचं करून जे घर उभं केलं, त्याचा सातबारा सासऱ्याच्या नावावर किंवा नवऱ्याच्या. फ्लॅटचे हप्ते दोघांच्या पगारातून गेले, करारनामा एकाच्या नावावर. निघताना ती तिचं स्त्रीधन मागू शकते, तेही सापडलं तर.

उलट आपल्या शेजारी गोव्यात बघा. तिथे पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा चालतो. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल, तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरली जाते आणि वेगळं होताना निम्मी-निम्मी होते. घटस्फोटाचा तिथला कायदा १९१० सालचा. दोघांच्या मर्जीने सलग दहा वर्षं वेगळं राहणं हे त्यात तेव्हापासून एक कारण आहे. (चर्चमध्ये लागलेल्या कॅथलिक लग्नांचे नियम वेगळे आहेत.) म्हणजे जी कल्पना आपल्याला 'फार पुढची' वाटते, ती सिंधुदुर्गाच्या पलीकडे शंभर वर्षांहून अधिक काळ कायद्यात आहे. तिथला सगळा कायदा आदर्श आहे असं नव्हे. पण दोष न ठरवता सुटका आणि निम्मा वाटा या दोन गोष्टी एका कायद्यात राहू शकतात, हे त्याने दाखवलंय.

इंग्लंड आणि वेल्समध्ये ६ एप्रिल २०२२ पासून कुणावर आरोप करायची गरजच उरली नाही. एकाने 'लग्न मोडलंय' असं लिहून दिलं की पुरतं, नंतर ठरलेली मुदत थांबायचं. हे उदाहरण आपल्याकडे आवडीने दिलं जातं. पण तिथली न्यायालयं दोघांच्या मालमत्तेची वाटणीही करून देतात, हे सांगायचं मात्र राहून जातं. त्यांचं अर्धंच उचलायचं असेल, तर न उचललेलं बरं.

मग मागायचं काय?

पहिलं, सलग तीन वर्षं वेगळं राहणं हे घटस्फोटाचं कारण व्हावं. ते नवऱ्यालाही वापरता यावं आणि बायकोलाही, आणि त्यावर निकाल द्यायचा अधिकार जिल्ह्याच्या कौटुंबिक न्यायालयाला असावा. संसार लगेच तुटतील, ही भीती नको. लग्नानंतर वर्षभर अर्ज करता येत नाही, तो नियम राहू द्या. समुपदेशनही राहू द्या. तीन वर्षं वेगळी चूल मांडलेल्यांना कायदा सक्तीने एकत्र आणू शकत नाही, एवढंच मान्य करायचंय.

दुसरं, छळाचं कारण आहे तसं राहू द्या. जिला मार पडतो तिने तीन वर्षं मोजत बसू नये.

तिसरं, लग्नाच्या काळात मिळवलेल्या मालमत्तेत दोघांचा वाटा असावा, नाव कुणाचंही असो. घरकाम आणि शेतातलं राबणं हीसुद्धा कमाई धरली जावी. खटल्याची चाहूल लागताच घर भावाच्या नावावर करणाऱ्यांना आवर घालणारं कलम हवं. हा वाटा ठरल्याशिवाय, मुलांचा खर्च आणि निवारा कागदावर आल्याशिवाय अंतिम निकाल होऊ नये. बायको कमावती आणि नवरा घर सांभाळणारा असेल, तर त्यालाही हाच नियम लागू व्हावा.

चौथं, नांदायला येण्याचा दावा रद्द व्हावा.

पाचवं, कोणत्याही धर्माच्या जोडप्याला ही वाट मोकळी असावी. ख्रिस्ती, पारशी, मुस्लीम यांचे कायदे वेगवेगळे आहेत, कारणंही वेगवेगळी. पण मोडलेल्या संसारात अडकून राहण्याचं दुःख सगळीकडे सारखंच असतं.

कायदा बदलेपर्यंत

कायदा कधी बदलेल ते हातात नाही. आज ज्यांच्यावर ही वेळ आली आहे, त्यांनी काही गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवाव्यात.

स्टॅम्पपेपरवर, नोटरीसमोर, गावच्या बैठकीत लिहून दिलेल्या सोडचिठ्ठीने घटस्फोट होत नाही. जातीची जुनी रूढी न्यायालयात पुराव्याने सिद्ध झाली तरच ती कायद्याला चालते, आणि ते सिद्ध करणं अवघड असतं. अशा कागदाच्या भरवशावर दुसरं लग्न केलंत, तर द्विभार्या-द्विपतीचा गुन्हा लागू शकतो, आणि दुसऱ्या बायकोला पेन्शन-वारसाहक्काच्या वेळी हात हलवत परत यावं लागतं.

संमतीचा मार्ग दिसत असेल तर तोच धरा. पण सही करण्याआधी सगळं लिहून घ्या : किती रक्कम, कोणत्या तारखेला, कशी देणार. मुलं कुणाकडे, भेटी कधी, शिक्षणाचा खर्च कुणाचा. स्त्रीधनाची यादी. कर्जाचे हप्ते. एकमेकांवरचे खटले कधी मागे घेणार. हे अर्जात आणि निकालात आलं पाहिजे, तोंडी आश्वासनावर विसंबू नका. सहा महिन्यांची मुदत योग्य परिस्थितीत माफ होऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली सांगितलंय. दीड वर्षाहून जास्त वेगळे असाल आणि सगळ्या बाबी मिटल्या असतील, तर तसा अर्ज जरूर द्या.

बायकांनो, अर्ज करायला सासरच्या गावी जायची गरज नाही. तुम्ही राहता तिथल्या न्यायालयात करता येतो. खटला चालू असतानाची पोटगी मागा, त्या अर्जाचा निकाल शक्यतो साठ दिवसांत लागावा असं कायदाच म्हणतो. २०२० सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार दोघांनाही आपलं उत्पन्न, मालमत्ता आणि देणी प्रतिज्ञापत्रावर सांगावी लागतात, आणि पोटगी अर्ज केल्या तारखेपासून धरली जाते. म्हणून अर्जाला उशीर करू नका. वकिलाचे पैसे नाहीत म्हणून घाबरू नका. स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या न्यायालयात त्यांचं कार्यालय असतं, १५१०० या क्रमांकावर फोन करा. घरात मारहाण होत असेल तर १८१ वर.

परदेशात राहणाऱ्या मराठी मंडळींनी एक गोष्ट विशेष जपावी. लग्न इथे हिंदू विवाह कायद्याखाली झालं असेल आणि तिकडच्या न्यायालयाने 'लग्न मोडलंय' या, आपल्या कायद्यात नसलेल्या कारणावर एकतर्फी घटस्फोट दिला, तर तो भारतात मानला जाईलच असं नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ सालीच हे सांगितलंय. लंडनमध्ये मोकळे आणि लातूरमध्ये विवाहित, अशी तुमची गत होऊ शकते. दोघांची संमती असेल तर ती स्पष्ट नोंदवून घ्या, आणि परत लग्न करण्याआधी इथल्या वकिलाला विचारा.

आणि अर्ज काहीही असो, खोटे आरोप घालू नका. वकील म्हणाला, 'असं लिहिलं तर केस मजबूत होते', तरी त्याला थांबवा. नातं सुटेल, पण मुलांचे आईबाप तुम्हीच राहणार आहात. शपथेवर लिहिलेलं खोटं पुढे उलटतपासात तुमच्याच गळ्यात येतं.

आता तुमच्याकडे मागणं

आईवडिलांनो, घरी परत आलेल्या मुलीला पहिल्या दिवशी 'चूक कुणाची?' असं विचारू नका. 'पुढे काय करायचंय?' असं विचारा. मुलाच्या आईवडिलांनो, सुनेला टाकून मुलाला दुसरीकडे उजवायची घाई करू नका, आधी पहिलीचा वाटा आणि नातवंडांचा खर्च चुकता करायला त्याला सांगा. लग्न ठरवतानाच घर दोघांच्या नावावर घ्या. मंगल कार्यालयावर होणाऱ्या खर्चातले काही पैसे मुलीच्या नावाने ठेवा. त्याला कोणत्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाही.

महिला मंडळांनो, बचत गटांनो, ज्येष्ठ नागरिक संघांनो, एका बैठकीचा विषय हा ठेवा. तुमच्या खासदाराला एक पानाचं निवेदन द्या. २०१३ साली राज्यसभेने मंजूर केलेलं विधेयक लोकसभेत का बुडालं आणि पुन्हा का आणलं जात नाही, एवढं त्यात विचारा. मत मागायला येईल त्याला दोनच प्रश्न घाला : मोडलेल्या लग्नातून आरोपांशिवाय सुटायचा मार्ग तुम्ही कायद्यात आणणार का? आणि त्यासोबत घरातला वाटा देणार का? पहिल्याला हो आणि दुसऱ्याला नाही म्हणणाऱ्याला सांगा, की दोन्ही मिळून या, नाहीतर आम्ही दुसऱ्या कुणाला विचारतो.